फक्त शिक्षेपुरतं बोला

नाना,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही जात नाही. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग निवतो, असं लोक म्हणतात. माझा नाही निवला. बाकीच्यांवरचा तर नाहीच, पण तुमच्यावरचाही नाही, आणि तो आज मी स्पष्ट सांगणार आहे. तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी तुम्हाला कुणी धमकावलं नव्हतं, मारलं नव्हतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागदावरून डोळे न उचलता विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" आणि तुम्ही श्वास घ्यायलाही न थांबता म्हणालात, "हा साहेब. मीच तोडं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मी मागच्या बाकावर बसलेली. माझ्या शेजारी आई. आणि तुमच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? सुटल्याचा भाव. काम संपलं, आता घरी जायचं, असा.

तुमची चूक कुठे झाली ते मला तेव्हाही कळलं होतं. तुम्ही आयुष्यभर फडाचे पाटकरी. पांझरेच्या बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटाखालची सगळ्यांची जमीन मिळून फड, आणि त्या फडात कुणी आपल्या हातानं पाणी घ्यायचं नाही, मालकानंसुद्धा नाही. पाणी द्यायचं ते पाटकऱ्यानं. कुणी पाळी मोडली, चारी फोडली, तर त्याला मारुतीच्या पारावर पंचांपुढे बोलवायचं आणि एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारायची रीत नव्हती, कारण दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर त्या माणसाची लाज गेली असं धरत. तो म्हणायचा, "मन्ह चुकनं." दुसऱ्या दिवशी जिथे फोडलं तिथे स्वतःच्या हातानं माती टाकायची, आणि मग ती गोष्ट पुन्हा कुणी काढायची नाही. एकदा फडाच्या प्रमुखांच्याच, म्हणजे आबांच्या, उसात पाळी नसताना पाणी शिरलं होतं. आबा पारावर हात जोडून उभे राहिले, सकाळी धोतर खोचून चिखल तुडवला, झालं. त्या दिवशी जेवताना मी हसत म्हटलं, आबा पाणीचोर. तुम्ही ताट बाजूला सारलं. "त्यानी कबूल करं ना? मंग ते सरी गयं. आते काढानं नही." तुम्ही परत ताट ओढलं, पण माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाहीत.

तर ही तुमची रीत. ती घेऊन तुम्ही सरकारच्या कोर्टात गेलात. आईचं बोलणं तुम्हाला माहीत आहे, रडतानासुद्धा तिची जीभ सरळ चालायची नाही. बाहेर पिंपळाखाली पदर डोळ्यांना लावून ती म्हणाली, "तुन्हा बापनी कोर्टलेच मारुतीना पार समजी लिधं."

आणि गुन्हा तरी काय? त्या वर्षी पाऊस दडी मारून बसलेला. पाटबंधारे खात्यानं आपल्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नवं लोखंडी गेट बसवलं होतं, त्याला कुलूप. फडाची पाळी ठरलेली, खात्याच्या साहेबांनी तोंडी कबूल केलेलं, पण चावी ज्याच्याकडे तो कारकून भाचीच्या लग्नाला गेलेला. कुणी म्हणे अमळनेरला, कुणी म्हणे चोपड्याला. इकडे गहू ओंबीत आलेला, दाणा भरायचा राहिलेला. पंच पारावर बसले. सगळे. आबा होते, त्यांचा पुतण्या होता, ऊसवाले होते, गहूवाले होते. ठरलं की गेट उघडायचं. आणि पाण्याला हात कोण लावणार? पाटकरी. दुसऱ्या कुणी लावायचाच नाही ना. म्हणून तुम्ही पहार घेऊन गेलात, भर दुपारी, डोक्याला रुमाल गुंडाळून, वाटेत भेटेल त्याला सांगत की पाणी सोडायला चाललोय. चोर असा जातो का, नाना? त्या पाण्यावर सगळ्या फडाचा गहू भरला. पोलिसांच्या कागदावर मात्र नाव एकच आलं.

आबा आपल्या ओट्यावर येऊन म्हणाले होते की वकिलाची गरज नाही. माणूस सरळ आहे, हो म्हणेल, दंड होईल, तो फड भरेल, दिवस मावळायच्या आत घरी. तुम्ही मान डोलावली. आबांनी सांगितलं म्हणजे पंचांनी सांगितलं. कोर्टाच्या दिवशी आबा आलेच नाहीत, त्यांच्या गुडघ्याला कळ लागली होती म्हणे.

तुम्ही हो म्हणालात तिथेच थांबला असतात तरी एक वेळ चाललं असतं. पण तुम्ही पुढे विचारलंत, "गेट मी दुरुस्त करी देसू साहेब. कव्हय येऊ?" कोर्टात हशा पिकला. पट्टेवालासुद्धा हसला. साहेबांना वाटलं हा म्हातारा थट्टा करतोय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि लिहायला घेतलं. दोन वर्षं सक्तमजुरी. सरकारी मालमत्ता, सार्वजनिक पाणी, इतरांना जरब बसली पाहिजे, आणि शेवटी ते वाक्य: आरोपीच्या वर्तनात पश्चात्तापाचा लवलेश दिसत नाही. वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. शिक्षा तुम्हाला समजली होती. त्या वाक्याचा अर्थ मला विचारत होतात, आणि मी तो तिथे कसा सांगणार होते?

मी तेव्हा जळगावला शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर. रजा वाढवली आणि धुळ्याला वकील शोधला. तरुण होता, कोटाचा काळा रंग विटलेला, पण ऐकून घ्यायचा. मी सगळं सांगितलं: पारावरची बैठक, चावी, लग्न, आबा. त्यानं सगळं ऐकून पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हे आता काही सांगता येणार नाही. कबुली दिली की गुन्ह्याबद्दल अपील नाही. शिक्षा कायद्यात बसते का, आणि ती वाजवीपेक्षा जास्त आहे का, एवढंच विचारता येतं. आपण फक्त शिक्षेपुरतं बोलायचं." मी म्हटलं, म्हणजे खोटं बोलून नाकारलं असतं तर सगळं बोलता आलं असतं, आणि नाना खरं बोलले म्हणून तोंड बंद? तो म्हणाला, "तसंच काहीसं." तो हसला नाही, एवढ्यासाठी मी त्याला अजून चांगलं म्हणते. अजूनही मला हा न्याय पटलेला नाही, नाना. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवताना माझी जीभ अडखळायची. जो कानावर हात ठेवतो त्याला चार साक्षीदार, उलटतपासणी, तारखांवर तारखा. जो हो म्हणतो त्याला एक ओळ आणि दोन वर्षं.

पण वकिलाला वाट दिसत होती. पहिलाच गुन्हा, वय साठीच्या पुढे, अशा माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि सोडलं नाही तर का नाही याचं कारण लिहावं लागतं, ते साहेबांनी लिहिलेलं नव्हतं. त्याला आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. अपील चालेपर्यंत तुम्हाला बाहेर काढायला एक जामीनदार, सातबारा असलेला; माझी नोकरी कच्ची, ती धरत नव्हते. आणि पंचांपैकी एकाचं तरी प्रतिज्ञापत्र, की हा निर्णय सगळ्यांचा होता. "गुन्हा पुसला जाणार नाही," तो म्हणाला, "पण सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या कामाची एवढी शिक्षा एकट्याला, हे साहेबांच्या डोळ्यांपुढे येईल."

आधी मी तुम्हाला भेटायला जेलमध्ये आले. जाळीपलीकडे तुम्ही, टोपीशिवाय. तुमचं डोकं उघडं मी त्याआधी फक्त आंघोळीच्या वेळी पाहिलेलं. "तू कसाले उनी? शाळा नही का?" मग गव्हाचं विचारलंत. मग सांगायला लागलात की इथल्या बागेत तुम्हाला पाण्यावर ठेवलंय, "पन आठे पानी फुकट जास." मी प्रतिज्ञापत्राचं बोलले तेव्हा मात्र तुमचा आवाज बदलला. "दुसरानं नाव कसाले लेवानं? पाटकरी मी शे. पानीनं मन्हाच हाते व्हयनं." मी म्हटलं, नाना, सगळ्यांनी ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, ठरवलं असेल तर ते म्हणतील, आपण म्हणायचं नाही. इतका राग आला मला. तुम्ही आत बसून त्यांची लाज सांभाळत होतात. वर मला विचारलंत की ती ओळ खोडता येईल का. कोणती ओळ, मी म्हटलं. "माले वाईट वाटनं नही, असं लिखेल शे ती." दोन वर्षांचं काही नाही, त्या एका ओळीचं तुम्हाला लागलं होतं.

ते म्हणतील, असं तुम्ही म्हणालात ना? मग ऐका. मी पारावर गेले. संध्याकाळची बैठक होती, सगळे होते. एकजण म्हणाला, बाईमाणसानं पारावर उभं राहायची रीत नाही. मी म्हटलं, मी पाटकऱ्याची पोर आहे आणि रीत मला पाठ आहे. मग मी एकदाच विचारलं. गेट उघडायचं इथे बसून कुणी ठरवलं? आबांचा पुतण्या वाती वळाव्यात तशी बोटं वळत बसला. मारुतीपुढचा दिवा फडफडत होता, आणि ज्यांच्या शेतात तुम्ही तीस वर्षं पाणी दिलंत ती सगळी माणसं तोंडात गुळणी धरून होती. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग जामिनाचं म्हटलं, एक सातबारा द्या. त्यावर आबा बोलले. "घर जाय पोरी. बठ्ठं बरं व्हई." सगळं बरं होईल, नुसतं एवढंच. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून विचारत आले होते. तिचा उपयोग कसा होतो ते त्या पारावर पाहिलं. आणि नाना, जी रीत तुम्ही जीव टाकून पाळलीत ती त्यांच्या लेखी गरिबापुरती होती. आबांनी उसाचं पाणी कबूल केलं, कारण त्यात फक्त चिखल तुडवायचा होता. जेलचं दार दिसलं तशी सगळ्यांची रीत खुंटीला टांगली गेली.

अपील लागेपर्यंत पावसाळा येऊन गेला. तुम्ही आतच. आई त्या काळात देवाशी एक शब्द बोलली नाही, माझ्याशीही फारसा नाही. ती रोज सकाळी तुमची पहार पुसून कोपऱ्यात ठेवायची, जशी काही पोलिसांनी नेलेलीच नव्हती. घरात दुसरी होती, जुनी, तीच.

धुळ्याच्या कोर्टातला दिवस मी अजून बारीकसारीक सांगू शकते. आपली फाइल दुपारनंतर पुकारली गेली. तुम्हाला दोन शिपायांमध्ये उभं केलेलं. आपला वकील बोलला, बरं बोलला: पहिल्याच विचारण्याला कबुली, वेळ वाचवला, उमर, कारण लिहिलेलं नाही. मग म्हणाला की या माणसानं गेट स्वतः दुरुस्त करून देतो म्हणून सांगितलं होतं. सरकारी वकील लगेच उठले. "हे रेकॉर्डवर कुठे आहे?" कुठेच नव्हतं. हशा कुणी लिहीत नाही. रेकॉर्डवर फक्त "गुन्हा कबूल" होतं आणि ती ओळ. जज्जसाहेब वयस्क होते. त्यांनी कागद बाजूला केले आणि तुम्हालाच विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मला वाटलं आता तरी. आता तरी म्हणा की सगळ्यांनी ठरवलं होतं, सगळ्यांचा गहू होता. वकिलानंही तुमच्याकडे आशेनं पाहिलं. तुम्ही हात जोडलेत. "साहेब, मी करं ते करं. सजा कितली देवानी ते तुम्हनं काम. पन माले वाईट वाटनं नही असं लिखेल शे, ते खोटं शे." कोर्टात या वेळी कुणी हसलं नाही. जज्जसाहेबांना बोली किती कळली देव जाणे, पण त्यांनी कारकुनाला हळूच काहीतरी विचारलं आणि मान हलवली.

निकाल आला. दोषी ठरवणं कायम. शिक्षा अवाजवी. भोगली तेवढी पुरेशी. वकिलानं माझ्या आईच्या पायाला हात लावला, इतका खूश झाला होता तो. आणि तुम्ही जेलच्या दारातून बाहेर आलात, पिशवी काखेत, आणि त्याला पहिलं काय विचारलंत? "ती ओळ खोडी का त्यास्नी?" बिचाऱ्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "नाना, ती खालच्या निकालातली ओळ आहे, ती तशीच राहते. शिक्षा कमी झाली, आता काय करायचंय त्या ओळीचं?" तुम्ही बरं म्हणालात. बसमध्ये खिडकीपाशी बसलात. आई मध्येच म्हणाली, शेंगा घेऊ का. तुम्ही नको म्हणून मान हलवलीत. मी जिंकलेल्या माणसाला घेऊन चालले होते आणि तुम्ही हरलेले दिसत होतात. अजूनही कुणी म्हणालं, कायद्यानं शेवटी न्याय केला ना, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. शिक्षा किती, ते त्यांनी कमी केलं. तुमच्यावर लिहिलं काय, ते तसंच ठेवलं.

आणि गावात तरी काय वाट पाहत होतं? फडावर नवा पाटकरी. आबांच्या पुतण्याचा मेहुणा. म्हणे सजा झालेल्या माणसाच्या हातात सगळ्यांचं पाणी कसं द्यायचं. कबूल केल्यावर काढायचं नाही ना? तुमचं काढलं. रोज काढलं. दूध घालायला गेलं तरी, लग्नात पंगतीला बसलं तरी. मी म्हटलं, पारावर जाऊन विचारा. तुम्ही म्हणालात, पोरी, पाणी कुणीही दिलं तरी गव्हाला कळत नाही. मला अशी शहाणी वाक्यं नको होती. मला तुम्ही चिडायला हवे होतात. एकदा तरी आबांच्या ओट्यावर जाऊन मोठ्यानं बोलायला हवं होतं. तुम्ही बोलला नाहीत म्हणून ते सगळं माझ्या वाट्याला आलं आणि अजून माझ्याच घशात आहे.

नंतर आई गेली आणि मी तुम्हाला जळगावला आणलं. माझी नोकरी तोवर कायम झालेली. कॉलनीत नळाला एक तास पाणी यायचं आणि बायका भांडायच्या. तुम्ही खुर्ची टाकून बघत बसायचात, मध्ये पडला नाहीत कधी. एकदा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नाना, तुम्हीच पाळी लावून द्या. तुम्ही आत निघून आलात आणि अंगावर गोधडी ओढून घेतली, भर उन्हाळ्यात. तुम्ही शेवटच्या दुखण्यात काही बोलला नाहीत. ओळीचं नाही, फडाचं नाही. मी मात्र वाट पाहत होते.

आणि आता गेल्या आठवड्यात आबा आले. आता खूप थकलेत, नातवाच्या गाडीतून, काठी टेकत. दारातच उभे राहून त्यांनी हात जोडले, मला, मास्तरणीला. "पोरी, तुन्हा बाप एकला नही व्हता. आम्ही बठ्ठासनी मिळीसन ठरायेल व्हतं. मीच सांगं व्हतं त्याले." मग म्हणाले, मरायच्या आधी बोलून टाकायचं होतं. वरातीमागून घोडं. नातू मोबाइलवर बोलत गाडीपाशी उभा. मी विचारलं, हे तुम्ही धुळ्याला येऊन सांगाल? ते म्हणाले, आता काय उपयोग, आता कोण ऐकणार. ते खरंच होतं. मग ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. त्यांनी कबूल केलं होतं, रीतीप्रमाणे आता ते संपलं होतं, आणि ते संपलं असं माझ्या तोंडून ऐकायला ते एवढ्या लांब आले होते.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात. हात धरून आत घेतलं असतं, पुढे कधी विषयही काढला नसता. मी तिथे उंबऱ्यात उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. थोड्या वेळानं नातवानं येऊन त्यांना धरून नेलं. हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी धाडलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही ताट बाजूला सारलं असतं. एवढ्या उन्हातून दारात आलेल्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही, नाना. आणि खरं सांगते, मला त्याचं काहीही वाटलं नाही.